स्लॅगवरचं लिंबू

प्लॉटची रजिस्ट्री आईच्या नावावर झाली, त्या दिवशी ती सगळ्यात आधी लिंबाबद्दल बोलली. स्वयंपाकघर कुठे, पाण्याची टाकी कुठे, जिना आतून की बाहेरून, यातलं काही नाही. भिलाईत, स्मृति नगरच्या मागे, वस्ती विरळ होते तिथला तो खोलगट तुकडा. त्याच्या मधोमध उभी राहून तिने बाबांना विचारलं, "अजी, लिंबू कोठी लावाचं?"

"अवं, आधी घर तं बांधू दे," बाबा म्हणाले.

"बांधा ना. मी कुठी नाही म्हनून राहिली? लिंबाची जागा सोडून बांधा."

मी बाजूला उभी राहून मोबाइलवर नकाशा पाहत होते. मला ती दोघांची नेहमीची कुरबुर वाटली. मी पस्तिशीची, सिविक सेंटरमधल्या एका बँकेत नोकरी करणारी, लग्न न करता आईबापांबरोबर राहिलेली मुलगी. त्यांच्या बोलण्यात मध्ये पडायचं नसतं, एवढं शहाणपण आपल्याला आहे असा माझा समज होता. तेव्हा पडले असते तर बरं झालं असतं.

आमचं सगळं आयुष्य पोलाद कारखान्याच्या टाउनशिपमधल्या क्वार्टरमध्ये गेलं. बाबा ब्लास्ट फर्नेसला होते, कास्ट हाउसमध्ये, म्हणजे भट्टीचं तोंड फोडून वितळलेलं लोखंड बाहेर काढतात तिथे. क्वार्टरला दोन खोल्या, पुढे जराशी जागा, मेंदीचं कुंपण आणि नळाला सकाळ-संध्याकाळ धो धो पाणी. ते पाणी कोणी मोजत नसे. त्या एवढ्याशा जागेत आईने वांगी, मिरच्या, कोथिंबीर, कुंपणावर दोडका, दाराशी मोगरा आणि कोपऱ्यात लिंबू असं सगळं दाटीवाटीने बसवलं होतं. लिंबू असं लागायचं की उन्हाळ्यात आमच्या लाइनीतल्या कुठल्याही घरी पोह्यावर पिळलेलं लिंबू आमचंच असे. शेजारच्या तेलुगू मावशी, समोरच्या बंगाली काकू, सगळ्या तिला निंबूवाली भाभी म्हणत. तिला ते आवडायचं. आवडतं असं कधी म्हणाली नाही, पण कुणी लिंबू मागायला आलं की एकाऐवजी चार द्यायची.

ती जागा आपली नाही, हे मात्र तिने कधी विसरू दिलं नाही. तिचं माहेर गोंदियाकडचं. तिचे आईबाप दुसऱ्यांच्या धानाच्या बांध्यांत राबले आणि झोपडी होती तीही पाटलाच्या जागेत. पाटलाच्या विहिरीपाशी एक लिंबाचं झाड होतं. आमच्या लोकांच्या पोरांनी खाली पडलेली लिंबं उचलली तर चालत, झाडाला हात लावलेला चालत नसे. आई हे रडून सांगत नाही. चिडून सांगते, आणि दर वेळी शेवटी म्हणते, "पडेल लिंबात रस नाही राहत का? राहते. पन मले झाडावरचं तोडाचं होतं."

म्हणून तिला जमिनीत लावलेलं लिंबू हवं होतं, स्वतःच्या. साठी ओलांडलेल्या बाईची ही काही फार मोठी मागणी नव्हती. आमच्या घरात ती तीन वर्षं तिघांना मिळून पुरी करता आली नाही.

प्लॉट खोलगट. पावसाळ्यात तिथे म्हशी बसत. घर रस्त्याच्या वर यायचं तर भराव हवा, आणि भराव म्हटल्यावर बाबांचे डोळे चमकले. प्लांटमध्ये हयात घालवलेल्या माणसाला भराव म्हटलं की एकच गोष्ट सुचते, ती म्हणजे स्लॅग. लोखंड वितळताना वर येतो तो मळ. पाण्याचा झोत मारून तो फोडला की जाड रव्यासारखा दिसतो, फिकट करडा. दाबला की बसतो, वाहून जात नाही, वाळवी लागत नाही. दुसरा कुणी असता तर मुरूम टाकून मोकळा झाला असता. बाबांनी पस्तीस वर्षं एका नालीतून लोखंड आणि दुसरीतून स्लॅग सोडला होता. आपला माल आपल्या घराखाली असावा, असं त्यांना वाटलं. मला तेव्हा त्याचं कौतुकच वाटलं होतं, हे इथे कबूल करते.

ओळखीच्या एका ठेकेदाराकडून डंपरमागून डंपर आले. बाबा रोज स्कूटरवर जाऊन ऊन डोक्यावर घेत उभे राहत आणि घरी येऊन सांगत, "पन्नास वर्षं हालनार नाही, बेटा." त्यांचं म्हणणं खरं ठरलं. ते काही हाललं नाही.

क्वार्टर सोडायच्या आधीच्या पावसाळ्यात आईने जुन्या लिंबाच्या तीन फांद्यांना गुटी बांधली. फांदीची साल बोटभर सोलायची, तिथे ओलं शेवाळ आणि माती लावायची, वरून प्लास्टिक आवळायचं. दीड-दोन महिन्यांत मुळं दिसायला लागतात, मग फांदी कापली की नवं रोप तयार. तिन्ही गुट्या लागल्या. एक जमिनीत लावायची आणि दोन कुंड्यांत हाताशी ठेवायच्या, असं तिने ठरवलं. मला वाटलं, बाई जरा जास्तच सावध आहे.

नव्या घरी ट्रकमधून कपाट उतरायच्या आधी लिंबू जमिनीत गेलं. हातभर खड्डा, शेणखत, कडुनिंबाची पेंड, सगळं यथासांग. आईने पहिलं पाणी घातलं आणि पदराने तोंड पुसलं. बाबा गेटपाशी उभे राहून पाहत होते. फोटो मीच काढला. त्यात दोघंही खूश दिसतात, आणि तो फोटो मी आता उघडत नाही.

पहिले काही महिने ठीक गेले. मग उन्हाळा आला. नव्या घरी नळ नव्हता, बोअर होता. मार्चपर्यंत तो शहाण्यासारखा वागला, एप्रिलमध्ये पंधरा मिनिटं पाणी आणि मग नुसती हवा. गेटच्या कडीला दुपारी हात लावला तर चटका बसायचा. आई तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, आंघोळीचं, सगळं पाणी बादलीत जमवून लिंबाला नेऊन घाली. आम्ही एक वेळ कमी प्यायलो असू, लिंबू नाही.

तरी पानं पिवळी पडली. सगळं पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या. मी दोन पानं पिशवीत घालून नर्सरीत नेली. बाबाही बरोबर आले. नर्सरीवाल्याने पान उजेडात धरलं आणि म्हणाला, "आयरन की कमी है, अंकल. लोहा नहीं मिल रहा पौधे को."

बाबा हसायला लागले. भर नर्सरीत, कमरेवर हात ठेवून. "भिलाई में लोहे की कमी? हमारे घर में?" नर्सरीवालाही हसला. मीही हसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या पेटीतून खिळे काढले, नट काढले, गंजलेले बोल्ट, सायकलची तुटलेली चेन, एक अख्खी बिजागरी काढली आणि सगळं लिंबाच्या आळ्यात पुरलं. वरून म्हणतात, "घे, किती खाते ते खा." मी हे बँकेत सांगितलं तेव्हा सगळे पोट धरून हसले. लिंबाने मात्र त्यातलं काही खाल्लं नाही. पावसाळा येईपर्यंत पानं गळून नुसत्या काड्या राहिल्या, आणि आईने त्या एका सकाळी स्वतः उपटल्या. उपटायला जोर लागला नाही. मुळं वीतभरसुद्धा खाली गेली नव्हती, तिथल्या तिथे गोल फिरली होती, मडक्यात वाढल्यासारखी.

मग मी कामाला लागले. माझा स्वभाव असा की घरात दुःख आलं की मी त्यावर व्हिडिओ शोधते. कोरड्या हवेतली बाग, कमी पाण्याची बाग, बिनपाण्याची बाग, जगात माणसं काय काय करतात! झाडाशेजारी बिनझिलईचं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, ते भरून ठेवायचं, पाणी झिरपत राहतं. आळ्यावर पैरा पसरायचा, म्हणजे इथे धान काढल्यावर उरतो तो पेंढा, त्याने ऊन थेट मातीला लागत नाही. पाणी दुपारी घालायचं नाही, पहाटे घालायचं, आणि रोज थोडं घालण्यापेक्षा चार दिवसांनी पोटभर घालायचं. पश्चिमेला हिरवी जाळी बांधायची. गच्चीवरचं पावसाचं पाणी टाकीत साठवायचं. मी हे सगळं वहीत उतरवून घेतलं आणि आईला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "पैरा आमी मिरचीले टाकतच होतो गावाले. तुले आता समजलं का?"

जुने अर्धे कापलेले ड्रम आणून त्यांत कन्हार भरली. कन्हार म्हणजे इथली काळी माती, एका ओळखीच्या माणसाने शेतातून दिली. त्या ड्रमांत मात्र सगळं झालं. मिरच्या झाल्या, सदाफुली झाली, कोरफड तर वेड्यासारखी वाढली, गेटावर बोगनवेल चढली. मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, कोवळ्या पाल्याची भाजी दोनदा खाल्ली. मला वाटलं, जिंकलो. मी आईला म्हटलं, लिंबूही मोठ्या ड्रमात लावू या, माणसं लावतात, फळंही येतात.

आईने माझ्याकडे पाहिलं. "कुंडीतलं झाड किरायाचं राहते, बाई," ती म्हणाली. "उचलून कोठी बी नेऊन ठेवा. मले जमिनीत पायजे."

तिने आयुष्यात काही मागितलं नव्हतं आणि मागितलं ते हे.

मधे एकदा मी एका लँडस्केपवाल्यालाही बोलावलं. चांगले बूट घातलेला माणूस, हातात टॅब. त्याने अंगणाचा फोटो काढला आणि तिथल्या तिथे त्यावर पांढरे गोटे, तीन निवडुंग आणि प्लास्टिकचं गवत पसरून दाखवलं. "आंटीजी, झीरो मेंटेनेंस. पानी का झंझट ही नहीं." शिवाय म्हणाला, खाली स्लॅग आहे हे तर उत्तमच, गोटे खचणार नाहीत. आईने त्याला चहा दिला, बिस्किटं दिली आणि तो गेल्यावर मला म्हणाली, "गोट्यांवर पानी नाही लागत हे सांगाचे बी पैसे घेते का तो?"

दुसरं रोप लावायचं ठरलं तेव्हा बाबा म्हणाले, या वेळी खड्डा मोठा घेऊ, कमरेइतका, आणि पुरा कन्हारने भरू. विचार चांगला होता. त्यांनी सब्बल घेतली, म्हणजे लोखंडी पहार, आणि जुन्या लिंबाच्या जागी मारली. ठण्ण आवाज आला आणि सब्बल उलट उडाली. पुन्हा मारली. पुन्हा तेच. मग त्यांनी गुडघे टेकले, वरची माती हाताने बाजूला केली, छिन्नीने एक कपचा काढला आणि उन्हात धरला.

मी दारात उभी होते. आई बादली घेऊन आलेली. बाबांनी तो कपचा बराच वेळ उलटसुलट करून पाहिला. रवा उरलाच नव्हता. सलग, करडा, फरशीच्या तुकड्यासारखा दगड होता तो.

"हे तं जमून गेलं," ते म्हणाले.

"काय जमलं?" आईने विचारलं.

बाबांनी तिच्याकडे न बघता सांगितलं. हाच माल जामुलच्या सिमेंट कारखान्यात जातो, सिमेंटमध्ये मिसळायला. दळून, बाकीचं काय काय घालून त्याचं सिमेंट होतं. आणि घर बांधताना मिस्त्री मसाला कालवायचे ते इथेच, घमेली धुवायचे ते इथेच. स्लॅगला चुना मिळाला, सिमेंट मिळालं. मग फक्त पाणी हवं होतं.

आईच्या हातातली बादली भरलेली होती. "म्हंजे मी पानी टाकलं म्हनून झालं का हे?"

"नाही. तू नाही केलं."

"मीच टाकत होती ना रोज."

"अवं, मी टाकला ना स्लॅग," बाबा म्हणाले. "मले मालूम असाले पायजे होतं. पस्तीस वर्षं तोच तं धंदा केला मी."

कुणी ओरडलं नाही, कुणी कुणाला बोल लावला नाही, आणि म्हणूनच मला तिथून निघून जावंसं वाटलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलायचं कुणाला? लिंबाला लोखंड का मिळत नव्हतं तेही मग कळलं. अशा चुनखडीच्या जमिनीत लोखंड असलं तरी झाडाला घेता येत नाही. बाबांचे नट-बोल्ट त्याच दगडात घट्ट रुतून बसलेले निघाले.

मी लगेच मशीनवाला बोलावला, रस्ता फोडतात तसा ब्रेकर घेऊन. त्याने दोन हात खाली फोडलं असेल नसेल, तेवढ्यात कंपाउंडच्या भिंतीला केसाएवढी चीर गेली. आमचं घर बांधणारा मिस्त्री शेजारच्याच कामावर होता, तो धावत आला आणि त्याने मशीन बंद करायला लावलं. "मॅडम, पूरा मकान इसी के ऊपर खड़ा है," तो म्हणाला. "पेड़ चाहिए कि मकान?" मी त्याला काहीतरी उर्मट बोलले. पण प्रश्न त्याचा बरोबर होता.

दोन हातांचा खड्डा झालाच होता. त्यात कन्हार भरून दुसरं लिंबू लावलं. मडकं पुरलं, पैरा पसरला, जाळी बांधली, माझी सगळी वही त्या एका झाडावर उलटी केली. आणि ते जगलं! सबंध उन्हाळा जगलं. मे महिन्यात त्याला नवी पालवी आली, गर्द हिरवी. आई रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्याच्याजवळ खुर्ची टाकून बसायची. त्या दिवसांत ती शेजारणीशी बोलायला लागली, गेटावर उभी राहून हसायला लागली. एकदा मी बँकेतून आले तर ती कुणाला तरी सांगत होती, "पुढच्या साली या, देईन लिंबू."

पावसाळ्यात ते बुडून मेलं. खड्डा म्हणजे दगडातलं घमेलं झालं होतं, पडलेलं पाणी खाली जायला वाटच नव्हती. आठवडाभर झड लागली आणि मुळं कुजली. कोरड्या हवेत झाड कसं जगवायचं हे मी शिकले होते, त्याला पाण्यातून कसं वाचवायचं हे कुणी सांगितलं नव्हतं. आईने या वेळी रोप उपटलं नाही. बाबांनी उपटलं, ती आत असताना.

राहिलं तिसरं. ते कुंडीतच होतं, तब्येतीने बरं. आई त्याचं नाव काढत नव्हती. बाबांनी मात्र डोक्यात घेतलं होतं की खड्ड्याच्या तळाला भोक पाडायचं, थेट खालच्या जुन्या जमिनीपर्यंत, म्हणजे पाणी निघून जाईल आणि मुळांनाही वाट मिळेल. मशीन चालत नाही तर हाताने. छिन्नी आणि हातोडी घेऊन ते रोज सकाळी खड्ड्यात उतरायचे. पुढचा उन्हाळा लागला तरी उतरत होते. आठवड्याला दोन बोटं. मी रागावले, समजावलं, वयाची आठवण करून दिली. पालथ्या घड्यावर पाणी. मी छिन्नी लपवली तर त्यांनी दुसरी आणली. हातोडी गाडीच्या डिकीत घालून बँकेत नेली, तर ते दगडाने ठोकत बसले.

"बाबा, कावून करता हे?" मी एकदा रडकुंडीला येऊन विचारलं. मी घरातसुद्धा हल्ली निम्मं हिंदीच बोलते, पण तेव्हा तोंडून आमची भाषा निघाली.

ते खड्ड्यात बसले होते, वर फक्त डोकं दिसत होतं. "तिले घर देलं, जमीन देली," ते म्हणाले. "आन् झाड लावाची जागा मीच बंद करून टाकली. मंग काय देलं, सांग बरं?"

मी वर्षानुवर्षं माणसांना काउंटरच्या पलीकडून काय करायचं ते सांगत आले आहे, अमुक फॉर्म भरा, तमुक कागद आणा. घरात दोन म्हातारी माणसं एकमेकांसाठी झिजत होती आणि मला एकालाही थांबवता येत नव्हतं.

एप्रिलच्या शेवटी बाबा त्या खड्ड्यातच कोसळले. मी घरी नव्हते. आईने हाका मारून शेजाऱ्यांना बोलावलं, दोघांनी त्यांना उचलून वर काढलं. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, जड काम बंद, ऊन बंद. तीन दिवस दवाखान्यात ठेवलं. आई पहिल्या रात्री थांबली, मग मी तिला घरी पाठवलं आणि बाबांजवळ मी राहिले. ते पडल्या पडल्या छताकडे बघत मला सांगत होते की भोक आता हातभरच उरलंय.

चौथ्या दिवशी त्यांना घेऊन घरी आले. ऑटो गेटशी थांबला आणि बाबा उतरता उतरता थबकले. अंगण नव्हतं. गेटपासून पायरीपर्यंत, भिंतीपासून भिंतीपर्यंत ताजं, ओलं, सपाट काँक्रीट. खड्डा बुजलेला. आत जायला विटांवर फळ्या टाकल्या होत्या. मिस्त्री कोपऱ्यात थापी धुत होता आणि आई दारात उभी होती.

"अवं, हे काय केलं तू?" बाबा म्हणाले.

"लय धूळ येत होती घरात," आई म्हणाली. "आन् मले आता झाडाचा शौक नाही राहिला. किती दिवस करावं मानसानं? फळीवरून या, पाय नका टाकू."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ती खोटं बोलतेय हे त्यांना कळलं होतं. त्यांना कळलंय हे तिलाही कळलं होतं. त्यांनी माझा खांदा धरला आणि फळीवरून हळूहळू आत गेले. त्या दिवसापासून त्यांनी छिन्नीला हात लावलेला नाही. लावणार कुठे?

तिसरं लिंबू कुठे आहे, हे मी संध्याकाळी विचारलं. कामावर आलेल्या रेजाला, म्हणजे घमेली वाहणाऱ्या बाईला, आईने विचारलं होतं की तुझ्या घरी अंगण आहे का, त्यात माती आहे का. ती छत्तीसगढीत हो म्हणाली, "हव दाई, माटी त हे." तेवढं विचारून आईने कुंडीसकट रोप तिच्या डोक्यावर ठेवलं. कुठलं गाव, बाईचं नाव काय, हे आईला सांगता आलं नाही. विचारलंच नव्हतं म्हणाली.

मिस्त्री जाताना सांगून गेला की तराई नीट करा. तराई म्हणजे नव्या सिमेंटला पाणी पाजणं, नाहीतर उन्हात तडे जातात. दहा दिवस सकाळी आणि संध्याकाळी, जमलं तर पंधरा. आईने ते काम स्वतःकडे घेतलं. पहाटे उठून पाइप ओढत न्यायची, एका कडेने सुरू करायची आणि सावकाश, एक कोपरा सोडायची नाही. संध्याकाळी पुन्हा. बोअरचं पाणी तेव्हा जेमतेम येत होतं. पाण्याची धार ती थेट मारायची नाही, समोर बोट धरून फवारा करायची, माती उडू नये म्हणून करतात तशी.

दहा दिवस झाले, पंधरा झाले. तिसरा आठवडा संपला. सिमेंट पांढरं फटक होऊन त्यावरून आता स्कूटर जात होती. आई पाणी घालतच होती. बाबा खिडकीशी खुर्चीत बसलेले असायचे. एका संध्याकाळी ते मला हळूच म्हणाले, "बेटा, सांग ना तिले. पक्कं होऊन गेलं ते."

मी बाहेर गेले. ऊन कलतं होतं, तरी जमीन तापलेली. पाणी पडल्या पडल्या वाळत होतं. मी म्हटलं, "आई, पंधरा दिवस कधीचेच झाले."

"मालूम हाय मले," ती म्हणाली. तिने पाइप थांबवला नाही. "सांजच्याले हाताले काही तं काम पायजे ना."

मी तिथे उभी राहिले. तिच्या हातातून पाइप घ्यावा, की तिला जवळ घ्यावं, की दोन्ही नको, काही ठरेना. शेवटी आत आले.

"सांगतलं का?" बाबांनी विचारलं.

"हो."

"काय म्हने?"

"उद्यापासून बंद करते म्हणाली."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता अंगणात पाण्याचा आवाज सुरू झाला. बाबांनी सकाळचा वाचलेला पेपर पुन्हा उघडला.